ब्रेकवर पाय

ब्रेकवर पाय ठेवून गाडी चालवतो, असं माझ्याबद्दल धारच्या मोटारस्टँडवर सगळ्यांदेखत बोललं गेलं. ज्यांनी कधी स्टेरिंग धरलं नाही त्यांना यात लागण्यासारखं काय आहे ते कळायचं नाही. ड्रायव्हरला असं म्हणणं म्हणजे हलवायाला म्हणणं की तू कढईत थुंकतोस. बोलणारा मेला, गाडी भंगारात गेली, पण ते वाक्य आठवलं की अजून माझी कानशिलं तापतात. म्हणून एकदाच लिहून टाकतो काय झालं ते.

राज्यं विलीन होऊन दोन-तीन दसरे झाले होते. माझे आजोबा धारच्या पागेत होते, वडीलही पागेतच. मी मराठी शाळेत चौथीपर्यंत कसाबसा गेलो आणि मग दरबारच्या मोटारखान्यात पाने-पकडी पुसायला लागलो. तिथेच गाडी शिकलो. मोटारखाना बंद पडला तेव्हा गावातल्या एका शेठने मला बोलावून घेतलं. त्याने लढाईतली एक जुनी लॉरी लिलावात घेतली होती आणि तिच्यावर लाकडी बॉडी चढवून तिची बस केली होती. धारहून इंदूर, इंदूरहून देवास, आणि तसंच परत. तिचा ड्रायव्हर मी. गाडीचा मालक शेठ होता, पण तिला सकाळी हँडल मारून जागी करणारा, तिचं खोकणं ओळखणारा मी होतो. त्या सीटवर दुसरा कोणी बसलेला मी कधी मनातसुद्धा आणला नव्हता.

शेठचा मेहुणा तिकिटं फाडायचा. त्याच्या मनात मात्र ती सीट फार होती. स्वतःसाठी नाही, त्याला कुठे चालवता येत होतं! त्याचा इंदूरचा एक दोस्त होता, त्याला चिकटवायचं होतं.

नवरात्रात देवासच्या टेकडीवर देवीला गर्दी असते. त्या वर्षी आम्ही फेरीवर फेरी मारली. अष्टमीचा मुक्काम देवासलाच पडला. माझं सासर तिथलं, बायकोही माहेरी आलेली. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आम्हा दरबारच्या चाकरीतल्या लोकांत हा दिवस मोठा. तलवारीपासून विळीपर्यंत घरात जे काही लोखंड असेल ते धुऊन, तेल लावून, हळदकुंकू वाहून पुजायचं. मोटार आली तशी मोटारही पूजेला आली. गाडी धुतली, झेंडूचा हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली. पूजा माझ्या सासऱ्यांनी केली. ते थोर, वडील, हक्क त्यांचाच. मी आंघोळीला गेलो होतो.

दसरा झाला आणि दोन दिवसांत गाडी जड लागायला लागली.

सकाळी धारहून निघावं तर काही नाही. पण पंधरावीस मैल गेलं की गाडी कोणी मागून पदर धरल्यासारखी ओढायला लागायची. ॲक्सिलेटरवरून पाय काढला की सुटल्यासारखी पुढे जायची ती गाडी, आता पाय काढला की जागीच बसायला बघायची. इंजिन कण्हायचं. इंदूरला उतरून चाकातल्या ब्रेकच्या ड्रमला थुंकी लावली तर चर्रकन वाजली. लायनर जळल्याचा तो वास मेहुण्याच्या नाकात गेला आणि त्याला जणू लॉटरी लागली.

धारला परतल्यावर तो शेठला म्हणाला, "जीजाजी, गाडीमें कुछ नहीं है. ये पांव धरके चलाता है. ब्रेकपे पांव रखके सोता है ये."

शेठने दुसऱ्या दिवशी सकाळी जॅक लावून चाकं उचलवली. एकेक चाक हाताने फिरवलं. चारही चाकं देवळातल्या चक्रासारखी मोकळी फिरली. गार होती ना! शेठने माझ्याकडे बघितलं.

"भिया, चक्का तो फ्री है. फिर गरम कैसे होता है?"

"शेठ, गाडी गार असली की मोकळी असते. तापली की धरते."

"तापती क्यूं है?"

"तेच शोधतो आहे."

"शोधता क्या है, पांव उठा ले," मेहुणा म्हणाला. स्टँडवर चहा पिणारे सगळे हसले.

तेव्हा मी शेठला म्हटलं, दिवाळीची गर्दी सुरू व्हायच्या आत गाडी दुरुस्त करतो. दोष माझ्या पायात निघाला तर चावी ठेवून जाईन. शेठ म्हणाला, "देख, तू खुद बोला." मेहुण्याने ते वाक्य गाठ मारून ठेवलं.

मग मी चाकांच्या मागे लागलो. लॉरी जुनी, ब्रेक मागे खेचणाऱ्या शूच्या स्प्रिंगा थकल्या असतील असं मनाने घेतलं. चारही ड्रम उतरवले. स्प्रिंगा बदलल्या. लायनरवर चढलेली चकाकी कानशीने घासली. हँडब्रेकची तार गंजून अडकली असेल म्हणून ती उतरवून, रॉकेलमध्ये बुडवून, परत चढवली, आणि वर ढिली ठेवली. हात सोलून निघाले. गाडी काढली, इंदूरच्या रस्त्याला लागलो, आणि तिने पुन्हा धरलं. मी रस्त्यातच तिला शिव्या घातल्या. मागे एक म्हातारी बसली होती, ती म्हणाली, "कुणाला बोलतोस रे बाबा?"

आता मात्र माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी मी शेठकडे रिकामी गाडी मागितली आणि मेहुण्याला बरोबर घेतलं.

"ये, इथे खाली बस. माझ्या पायाशी."

"तेरे पांवमें बैठूं मैं?"

"पाया पडू नकोस. नुसता बघत बस. माझा पाय ब्रेकवर गेला तर मला गाडीतून ढकलून दे."

बसला बिचारा, गुडघे पोटाशी घेऊन. मी वहाणा काढून अनवाणी पायाने गाडी चालवली, म्हणजे त्याला बोटंसुद्धा दिसावीत. घाटाबिल्लोद गावाच्या अलीकडे गाडीने ओढायला सुरुवात केली. माझा उजवा पाय ॲक्सिलेटरवर, डावा फळीवर. ब्रेकचं पेडल मोकळं उभं.

"बघ! बघ आता! कुठे आहे पाय?"

तो म्हणाला, "मैं तो बाहर देख रहा था."

त्याला मी तिथेच उतरवून चालत पाठवणार होतो. पण मला गाडी तापलेलीच हवी होती, वेळ घालवून चालणार नव्हतं. एका आंब्याच्या सावलीला उभी केली, पुढचं चाक जॅकवर घेतलं. हाताने फिरेना. मग चाकाच्या मागच्या बाजूला, ब्रेकमधली हवा काढायला एक बारीक निपल असतं, ते पान्याने किंचित ढिलं केलं. तेलाची पिचकारी उडाली ती थेट माझ्या बंडीवर. आणि चाक सुटलं. बोटाने ढकललं तरी फिरायला लागलं.

म्हणजे स्प्रिंग नाही, तार नाही. पाय काढल्यावर जे तेल माघारी जायला पाहिजे ते नळीत कोंडून बसत होतं, आणि गाडी तापली की तेल फुगून आपणच ब्रेक दाबत होतं. निपल आवळून गाडी थोडी पुढे काढली तर चारही चाकं पुन्हा धरली. मग मी गाडीखाली गेलो आणि पेडलखालच्या मास्टर सिलिंडरपाशी मुख्य नळीचा नट ढिला केला. फस्सकन तेल आलं आणि चारही चाकं एकदम सुटली. दोष तिथे होता, त्या सिलिंडरमध्ये. जिथे माझा पाय नुसता पेडल दाबतो, तिथे. मी गाडीखालून ओरडलो, "सापडला!" मेहुणा रस्त्याच्या कडेला सीताफळ खात होता.

नट आवळला, गिअरच्या भरवशावर हळूहळू धारला आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी शेठला समोर खुर्चीवर बसवलं आणि सिलिंडर उतरवून त्याच्यासमोर उघडला. आतून जी रबराची वाटी येते, तेल ढकलायची, ती निघेना. काडीने उपसून काढली. रात्रभर भिजवलेल्या चण्यासारखी टम्म फुगली होती, आणि मऊ. तिच्या फुगण्याने तेल परत यायचं बारीक भोक बुजून गेलं होतं. मी ती शेठच्या हातावर ठेवली.

"हे बघा माझा पाय!"

शेठने वाटी दाबून पाहिली. मग नाकाशी नेली. मीही सिलिंडरवरच्या टाकीतलं तेल बोटावर घेतलं. ब्रेकच्या तेलाला एक स्पिरिटचा उग्र वास असतो. तो होताच, पण त्यात दुसरा वास मिसळला होता. ओळखीचा. देवघरातला.

तिळाचं तेल.

ब्रेकच्या रबराला असलं तेल म्हणजे विष. हे मोटारखान्यात पहिल्या आठवड्यात शिकवत. मी टाकी तिरपी केली. तळाशी गाळ होता. लाल.

मेहुण्याने पुढे वाकून वास घेतला आणि टाळी वाजवली. "मीठा तेल! जीजाजी, ब्रेकका तेल इसने बेच खाया, और मीठा तेल भर दिया! अब समझे?"

पाय ठेवतो म्हणत होते तिथवर निदान मी वाईट ड्रायव्हर होतो. आता चोर झालो. चहावाल्याच्या हातातली किटली थांबली. शेठ मला म्हणाला, "तू बोल. किसने डाला?"

मला कळलं होतं. तो लाल गाळ कुंकवाचा होता, आणि कुंकू घेऊन माझ्या गाडीजवळ गेलेला माणूस एकच होता. पण मेहुण्यासारख्या माणसासमोर, भर स्टँडवर, सासऱ्याचं नाव घ्यायचं? आणि खात्री केल्याशिवाय? मी म्हटलं, "उद्या सांगतो." मेहुणा म्हणाला, "हां, आज सोचेगा." त्याच्या अंगावर मी पाना फेकला नाही याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

मी दुसऱ्याच्या बसने, तिकीट काढून, उतारू म्हणून देवासला गेलो. आयुष्यात पहिल्यांदा मागच्या बाकावर बसलो.

माझे सासरे देवासच्या धाकट्या पातीच्या शिलेखान्यात होते. देवासला राज्यं दोन होती, थोरली पाती आणि धाकटी पाती, एकाच गावात, रस्त्याच्या या बाजूला एक आणि त्या बाजूला दुसरं. धाकटीची तलवारी-बंदुकांची कोठी यांच्या ताब्यात. विलीनीकरण झालं, कोठीला कुलूप लागलं, आणि हे घरी बसले. ओसरीवर बशीतून चहा पीत होते.

"या, जावईबापू. अवचित?"

"मामासाहेब, नवमीला माझ्या गाडीत तेल घातलंत?"

"घातलं की."

इतकं सरळ! मला वाटलं होतं आढेवेढे घेतील.

"कुठे घातलंत?"

"तुमच्या पायाखालची फळी उचलली. खाली झाकण आहे. तुम्हीच नाही का श्रावणात दाखवलंत? म्हणालात, या तेलावर गाडी थांबते, हेच खरं. मग म्हटलं, शस्त्राचं मर्म इथे आहे, तर पहिलं तेल इथेच पडलं पाहिजे. पळीभर घातलं. समईतलं, चांगलं."

"आणि कुंकू?"

"बोटाला असेल. गळलं असेल आत."

मी काय काय बोललो ते सगळं लिहिता येणार नाही. गाडी जळाली असती म्हटलं. मांडूच्या उतारावर असतो तर माणसं मेली असती म्हटलं. धारला मला चोर म्हणतात म्हटलं, तेल विकून खाल्लं म्हणतात. माझा आवाज ऐकून बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि दारातच उभी राहिली. सासरे शांतपणे बशी खाली ठेवून म्हणाले, "ओरडू नका. तीन पिढ्या नवमीचं पहिलं तेल आमच्या हातचं. कोठीला सरकारने कुलूप लावलं, म्हणून मी नवमीला हात बांधून बसू? यंदा माझ्यापुढे लोखंड म्हणून तुमची मोटारच होती."

"मग चला धारला. शेठसमोर सांगा एवढंच."

तेव्हा त्यांचं तोंड पालटलं. "मी? राजवाड्याच्या चाकरीतला माणूस मोटारस्टँडवर जाऊन एका बसवाल्याला जबाब देऊ? जावईबापू, जिभेला आवर घाला."

"आबा, निदान..." बायको म्हणाली.

"तू आत जा."

माझ्यासाठी चहा आला होता. मी तो घेतला नाही. जावई चहा न घेता उठला, याचा अर्थ त्या घरात सगळ्यांना कळत होता, आणि कळावा म्हणूनच मी उठलो. बायको दारापर्यंत आली. "कोणी म्हटलं तुम्हाला तसं?" तिने विचारलं. मी म्हटलं, "सगळ्यांनी. धारच्या पोराटोरांना माहीत झालंय की तेल मी घातलं." आणि निघालो.

इंदूरला रबराच्या नव्या वाट्या घेतल्या, सिलिंडरच्या आणि चारही चाकांच्या. धारला येऊन सगळ्या नळ्या सोडल्या, स्पिरिटने धुतल्या, फुंकून कोरड्या केल्या. ते तेल जिथे जिथे पोचलं होतं तिथलं रबर काढून फेकलं. एक वाटी जरी जुनी ठेवली असती तरी महिन्याने परत तेच. मग नवं तेल भरून हवा काढायची. त्याला दोघं लागतात, एकाने खाली निपल सोडायचं, दुसऱ्याने वर पेडल दाबायचं. मेहुणा म्हणाला, त्याच्या कमरेत चमक भरली आहे. मी शेठला म्हटलं, "मग तुम्ही बसा."

शेठ बसला. पोट स्टेरिंगला लागत होतं. मी गाडीखालून ओरडत होतो.

"दाबा! दाबून धरा! सोडू नका म्हटलं ना! हं, आता सोडा. हळू! हळू सोडा, तुमच्या बापाची गाडी आहे का?"

"म्हारीज है," वरून शेठ म्हणाला.

दुपारी गाडी मांडूच्या रस्त्याने नेली, चढ-उतार केले, चांगली तापवली. परत आणून स्टँडवर उभी केली, इंजिन बंद केलं, खाली उतरलो आणि एकट्याने खांद्याने ढकलली. हलली. एवढी लॉरी, तापलेली, एका माणसाच्या खांद्याने हलली. मी शेठकडे बघितलं. शेठने मान हलवली. मेहुण्याने हलवली नाही.

मग शेठ म्हणाला, "ब्रेक मान लिया. पांव भी मान लिया. पर तेल? भिया, चोर को मैं सीट नहीं दूंगा. नाम बता."

"पूजेचं तेल आहे. चोरीचं नाही. एवढं माझ्या तोंडून पुरे."

"किसने डाला?"

मी नाव घेतलं नाही. लोकांना वाटेल सासऱ्याची अब्रू राखली. तसलं काही नाही. ते येणार नव्हते, आणि न येणाऱ्या माणसाचं नाव सांगून मेहुण्याला दात काढायला मी संधी देणार नव्हतो. माझ्या शब्दावर भागत नसेल तर जाऊ दे खड्ड्यात. शेठ म्हणाला, "कल सुबह तक. नहीं तो चावी रख दे."

सकाळी मी चावी खिशातून काढून शेठच्या गादीवर ठेवली. मेहुण्याने लगेच ती उचलली. त्याचा इंदूरचा दोस्त रात्रीच येऊन बसला होता, नवा शर्ट घालून.

तेवढ्यात इंदूरची बस आली आणि तिच्यातून माझे सासरे उतरले. डोक्याला दरबारची पगडी, अंगात बंद गळ्याचा कोट, हातात काठी. मागून बायको, हातात बोचकं. सगळा स्टँड बघायला लागला.

"यात शेठ कोण?"

"मैं हूं. आइये."

"बसायला आलो नाही. तेल मी घातलं." त्यांनी काठी माझ्याकडे केली. "आणि इथे म्हणे बोभाटा आहे की ते याने घातलं! याने? याचा अधिकार काय? धाकट्या पातीत नवमीचं पहिलं तेल आमच्या घरचं असतं. माझ्या हातचं तेल कोणी भलत्याच्या नावावर खपवलेलं मी ऐकून घेणार नाही."

शेठचा जन्म धारमध्ये गेलेला, मराठी सगळं कळायचं.

मेहुणा म्हणाला, "बुड्ढेको सिखाके लाया है."

सासरे गाडीत चढले, माझ्या पायाखालची फळी उचलली, झाकण कोणतं ते काठीने दाखवलं, आणि म्हणाले, "इथे. पळीभर. कुंकू माझ्या बोटाचं. सापडलं का नाही आत लाल?"

मग शेठ हसायला लागला. इतका हसला की त्याला पोट दोन्ही हातांनी धरावं लागलं. "बाबूजी, अगले साल बोनेटपे डालना, बोनेटपे!"

"पुढल्या साली कुठे घालायचं ते मी ठरवीन," सासरे म्हणाले.

शेठने मेहुण्याच्या हातातली चावी घेतली आणि माझ्याकडे फेकली. झेलली मी. पण माझं चुकलं, असं शेठ म्हणाला नाही. मेहुणा तर तिकिटं घेऊन गाडीत चढलासुद्धा, जणू काही झालंच नाही. नव्या शर्टवाला चहा पीत राहिला. चोर म्हणताना सगळ्यांची तोंडं उघडी होती, आता सगळ्यांची बंद. कोणी एकाने म्हणायला नको होतं?

बायकोला मी विचारलं, "आणलंस कसं यांना?"

ती म्हणाली, "मी कुठे काय केलं? एवढंच म्हटलं, आबा, धारला सगळे म्हणतात तेल यांनी घातलं. पहाटे उठून पगडी मागितली."

मी देवासला ओरडून ओरडून घसा फोडला होता, माझी अब्रू जाते आहे म्हणून. त्याचं त्यांना काही नव्हतं. मला तिचाही राग आला, का ते सांगता येणार नाही.

त्याच फेरीला दोघांना देवासला सोडायचं होतं. सासरे पुढच्या सीटवर, माझ्या शेजारी, काठी दोन गुडघ्यांत धरून. गाडी अशी मोकळी धावत होती की पाय काढला तरी तिला पळतच राहावंसं वाटत होतं. इंदूर सोडल्यावर ते समाधानाने म्हणाले, "बघा जावईबापू, कशी हलकी झाली. तेलाचा गुण कधी ना कधी येतोच."

मी ब्रेक मारला. गाडी रस्त्यात जागच्या जागी उभी राहिली, मागचे उतारू एकमेकांवर आदळले, मेहुण्याच्या हातातली तिकिटं उडाली. 'उतरा' हा शब्द माझ्या ओठांपर्यंत आला होता. आरशात बायको दिसली. ती माझ्याकडेच बघत होती.

मी गिअर टाकला आणि देवास येईपर्यंत एक अक्षर बोललो नाही. त्यांना वाटलं, मला पटलं.